बाभळेश्वरला बंद पडणारी पिकअप

आमची पिकअप बंद पडायची ती बाभळेश्वरलाच. कोल्हारच्या अलीकडे आमची वस्ती आहे, तिथून सकाळी निघायची तेव्हा अगदी शहाण्यासारखी निघायची. प्रवरेवरचा पूल ओलांडायची, कोल्हारच्या गर्दीतून वाट काढायची, आणि बाभळेश्वरचा चौक जवळ आला की थरथरायला लागायची. स्टेअरिंग हलायचं, गिअरचा दांडा हलायचा, मागे पेरूचे कॅरेट एकमेकांवर खडखडायचे. गतिरोधकापाशी वेग कमी केला की दोन आचके द्यायची आणि गप्प. वीस मिनिटं तशीच उभी राहू दिली, डिझेलचा हातपंप मारला, की पुन्हा सुरू. मग रहात्याच्या बाजारापर्यंत कशीबशी पोचायची.

मी नगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत माहेरी आले तेव्हा हे प्रकरण पार चिघळलं होतं. श्रावणात माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, छातीत स्प्रिंग बसवली होती. डॉक्टरांनी महिन्याभरानं गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं आणि आप्पांनी तेवढंच ऐकलं. बाकीच्या गोष्टी, म्हणजे तूप, मीठ, ओझं उचलणं वगैरे, त्या डॉक्टर दुसऱ्याच कुणाला तरी सांगत होते अशी त्यांची समजूत होती.

माझा धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला असतो. तो फोनवर एकच गोष्ट सांगायचा: गाडी भर रस्त्यात बंद पडते, मागून उसाचा ट्रक येतो, आणि आप्पांचं काळीज आता पूर्वीचं राहिलेलं नाही. दिवाळी होईपर्यंत नीट झाली तर ठीक, नाहीतर ती भंगारात जाईल. आणि ती नीट झाली की नाही हे ताई ठरवेल, कारण ताई खोटं बोलत नाही. मला हा मान नको होता. पण भाऊ म्हणत होता त्यात चूक काही नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

कारण पिकअप गेली तर आप्पांचं काय होणार हे मला दिसत होतं. बावीस वर्षं ती गाडी त्यांच्याकडे होती. माझ्या लग्नाचं रुखवत तीतूनच गेलं, बाळंतपणानंतर माझी पाठवणीही तीतूनच झाली, मागे दोन शेळ्या होत्या. बाजारात पेरू उतरवून चार माणसांत चहा घ्यायचा, भाव पडला म्हणून चार शिव्या द्यायच्या आणि परत यायचं, यावर त्यांचा दिवस उभा होता. "गाडी गेली तर मी काय वस्तीवर बसून चिंचोके मोजू?" ते मला म्हणाले. हसत म्हणाले, पण डोळे माझ्याकडे नव्हते.

म्हणून मी रोज त्यांच्या शेजारी बसून बाजारला जायला लागले. बरोबर एक वही घेतली. मास्तरणीची खोड, दुसरं काय. कुठे थरथरली, किती भार होता, ऊन किती होतं, किती वेळ उभी राहिली, सगळं लिहायचं. आप्पांना ती वही बघून फार करमणूक व्हायची.

"लिही," ते म्हणायचे, "आज गाडीला शिंक आली. दोनदा."

त्यांची स्वतःची तपासायची रीत वेगळी होती. उभ्या गाडीच्या बॉनेटवर चहाचा काचेचा ग्लास काठोकाठ भरून ठेवायचा आणि इंजिन सुरू करायचं. चहा नुसता थरथरला तर इंजिन ठीक. एका बाजूने सांडला तर इंजिन मिस मारतंय. किती सांडला यावरून आप्पा पुढचं निदान करायचे आणि उरलेला पिऊन टाकायचे. डॉक्टरांनी बिनसाखरेचा सांगितलेला चहा या निमित्ताने गोड करून घेता यायचा, हे आईच्या आणि माझ्या लक्षात यायला जरा उशीर झाला.

कोल्हारच्या मिस्तरींचा पहिला संशय डिझेलच्या फिल्टरवर. हे मिस्तरी म्हणजे आप्पांचे जुने दोस्त, दोघांच्या दाढ्या एकदमच पिकलेल्या. रमजानात त्यांच्याकडून आमच्याकडे शिरखुर्मा यायचा आणि पेरूच्या हंगामात पहिलं कॅरेट त्यांच्या दारात जायचं. त्यांनी फिल्टर काढला, बोटाने पुसून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"चिखल हाय नुसता. तुमी गाडीला डिझेल घालताय का ओढ्याचं पानी?"

नवा फिल्टर घातला. गॅरेजच्या दारात गाडी इतकी सुरेख चालली की आप्पांनी ग्लासातला चहा न सांडल्याचं मला बोलावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी बाभळेश्वरला बंद.

मग मिस्तरी म्हणाले, गाडी हवा ओढतीय. टाकीपासून पंपापर्यंतची रबरी नळी जुनी झालीय, एखाद्या चिरेतून हवा आत जाते, डिझेलबरोबर बुडबुडे जातात आणि इंजिन अडखळतं. नळी बदलली, क्लिपा बदलल्या, हातपंप मारून सगळी हवा बाहेर काढली. मी जवळ उभी राहून बघितलं, आधी फेसाळ डिझेल आलं, मग स्वच्छ. मला फार बरं वाटलं, कारण वर्गात शिकवण्यासारखी गोष्ट होती. दुसऱ्या दिवशी बाभळेश्वरच्या अलीकडेच बंद पडली. म्हणजे रोग वाढला.

तिसऱ्यांदा इंजिनात डिझेल फवारणारे नोझल काढून तपासायला पाठवले. ते ठणठणीत निघाले. मिस्तरी पाना खाली ठेवून गाडीकडे बघत बसले. या माणसाने आमच्या अख्ख्या पंचक्रोशीतल्या गाड्या कानाने ऐकून बऱ्या केल्या होत्या, आणि आमची पिकअप त्यांच्या दारात आली की काहीच झालं नसल्यासारखी गुरगुरत उभी राहायची.

"माझ्याम्होरं नाटक करती ही," ते म्हणाले. "तुमच्या घरातलं कुनी शिकवलंय का हिला?"

आप्पा हसले. रात्रीच्या जेवणाआधी भावाचा फोन आला. मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, भाऊबीजेला येतो आणि भंगारात गाडी घेणाऱ्याशी बोलूनच येतो. फोन ठेवल्यावर मी आप्पांच्या समोर बसले आणि मला रडू आलं, तर उलट तेच मला म्हणाले, "आगं जुनीच हाय ती. जायचीच."

या सगळ्यात आई कुठे होती, तर आई दारात होती. आमची आई गाडीबद्दल बोलत नाही. आप्पा निघाले की ती पाण्याचा तांब्या आणि कुंकवाची कोयरी घेऊन दाराबाहेर यायची. पूर्वी ती फक्त खंडेनवमीला आणि पाडव्याला गाडीची पूजा करायची, बॉनेटवर मोठं स्वस्तिक काढायची. आप्पांची स्प्रिंग झाल्यापासून मात्र रोज. बॉनेटवरचं ओलं हळदकुंकू उन्हाने ओघळतं, काचेवर लाल रेघा येतात, बाजारात लोक विचारतात की आप्पा, कुणाला उडवून आलात, म्हणून आप्पा एकदा तिच्यावर खेकसले होते. तेव्हापासून तिने बॉनेट सोडून दिलं. ती डाव्या बाजूने कुठेतरी हात लावायची आणि मागे सरायची. मी पुढे बसून वहीत तारीख लिहीत असायचे.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आम्ही चकल्या तळायला बसलो. तेलाचा नवा पंधरा किलोचा डबा होता. मी त्याला एका कोपऱ्यात भोक पाडलं आणि कढईत तेल ओतायला डबा तिरपा केला. तेल थोडं आलं, थांबलं, भक्कन आलं, परत थांबलं. गुडूक, गुडूक. माझ्या साडीवर उडालं.

"दुसरं भोक पाड की," आई म्हणाली. "हवा नको का जायला आत? साळंत काय शिकवती मग पोरांना?"

मी सांडशीच्या टोकाने दुसरं भोक पाडलं. धार सरळ झाली. आणि मी डबा हातात घेऊन तशीच बसून राहिले, कारण मी आठवीच्या वर्गात दरवर्षी हेच शिकवते. टाकीतलं डिझेल कमी होतं तेवढी हवा आत यायला पाहिजे. नाही आली तर टाकीत ओढ तयार होते, डिझेल पुढे सरत नाही, आणि ज्या जोडातून एरवी काही गळत नाही त्यातूनही हवा ओढली जाते. आठ-दहा किलोमीटर गेल्यावर हे सुरू होणार. म्हणजे बाभळेश्वर. वीस मिनिटं उभी राहिली की हवा हळूहळू झिरपणार, गाडी सुरू होणार. आणि गॅरेजमध्ये मिस्तरी काम करताना टाकीचं झाकण आधीच उघडून ठेवतात.

मी वही आणली. चकल्या आईवर सोडल्या, ती काहीतरी बोलली ते ऐकलंही नाही. एकाच दिवशी गाडी बाभळेश्वरला थांबली नव्हती, आणि त्या दिवशी आम्ही कोल्हार सोडताना डिझेल भरलं होतं. मी शेजारी लिहिलं होतं, "या पंपाचं डिझेल चांगलं." इतकी मोठी चूक मी मुलांच्या वहीत पाहिली असती तर लाल रेघ मारली असती. झाकण उघडलं होतं, आत हवा गेली होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी आप्पांना काहीच सांगितलं नाही. कॅरेट भरले, निघालो. बाभळेश्वरच्या अलीकडे ओळखीची थरथर सुरू झाली. मी म्हटलं, आप्पा, बाजूला घ्या, बंद करू नका. त्यांनी घेतली. इंजिन आचके देत होतं. मी उतरून डाव्या बाजूला गेले आणि टाकीचं झाकण फिरवलं. ते सहज निघेना. जोर लावला तेव्हा आत हवा शिरल्याचा लांब आवाज आला, फुस्सऽऽ. दहा-पंधरा सेकंद गाडी तशीच थरथरली आणि मग हळूहळू शांत झाली. आप्पांनी इंजिन तसंच चालू ठेवलं आणि खाली उतरले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला आनंद हाच शब्द आहे, दुसरा मला सापडत नाही.

मी झाकण उलटंसुलटं करून बघितलं. वरच्या बाजूला मध्यभागी हवेसाठी बारीक भोक असतं. ते नव्हतं. तिथे लाल, कडक, तेलकट थर होता. नखाने खरवडला तर खपली निघाली, तिच्याखाली पिवळा थर, त्याखाली परत लाल, मध्ये अडकलेला एक तांदळाचा दाणा.

आप्पांनी झाकण माझ्या हातातून घेतलं. खिशातून रुमाल काढला, अंगठ्याने थर चोळला आणि बराच वेळ बघत राहिले. मला आधी हसू आलं. मग आप्पांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या तारखा आठवल्या आणि हसू गेलं. पहिल्यांदा गाडी बंद पडली ती आप्पा बाजारला जायला लागल्यावर पंधरा दिवसांनी. ती बातमी घरी गेल्यावर आईने कुंकू वाढवलं असणार. मग परत बंद पडली. मग तिने त्यात तेल घातलं असणार, उडून जाऊ नये म्हणून. गाडी जितकी बंद पडत गेली तितकी ती घाबरत गेली, आणि जितकी घाबरली तितका थर चढला. आम्ही फिल्टर बदलत होतो, नळ्या बदलत होतो, आणि ती तिच्या परीने तेच काम करत होती.

"झाकणालाच का पण?" मी म्हटलं.

"तोंड हाय ना ते गाडीचं," आप्पा म्हणाले. "खायचं तोंड. मला म्हनाली हुती एकदा. मी ध्यान दिलं न्हाई."

त्यांनी माझ्या साडीची पिन मागितली. भोक मोकळं केलं, झाकण रुमालाने पुसून लावलं, आणि गाडीत बसताना म्हणाले, "हे घरी सांगायचं न्हाई. भावालाबी न्हाई. त्याच्या तोंडात तीळ भिजत न्हाई, तो तिला फोन लावील. नळीत चीर हुती म्हन."

"आणि उद्या ती परत लावेल तेव्हा?"

"लावू दे. माझ्याकडं पिन हाय की."

येताना आम्ही मिस्तरींकडे थांबलो. त्यांना खरं सांगणं भाग होतं, नाहीतर ते त्या विचाराने झोपले नसते. त्यांनी ऐकून घेतलं, हनुवटी खाजवली आणि म्हणाले, "वहिनींना माझा सलाम सांगा. चाळीस वरसांत असा फॉल्ट माझ्या हातून सुटला न्हवता."

भाऊबीजेला भाऊ आला. आप्पांनी त्याला शेजारी बसवून रहात्यापर्यंत नेलं आणि आणलं. येताना बाभळेश्वरच्या चौकात मुद्दाम थांबून बॉनेटवर चहाचा ग्लास ठेवून दाखवला. भावाने गाडी घेणाऱ्याला फोन करून नको म्हणून सांगितलं, आणि मला बाजूला घेऊन विचारलं, खरंच नळीला चीर होती का. मी हो म्हणाले. खोटं न बोलणारी ताई म्हणून माझी जी काही ख्याती होती ती त्या दिवशी संपली, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

धनत्रयोदशीनंतर रोज सकाळी एकच क्रम ठरला होता. आई दारात येऊन झाकणाला कुंकू लावायची. आप्पा समोर बघत बसायचे. गाडी आमच्या शेतरस्त्याने निघायची आणि डांबरी रस्त्याला लागायच्या आधी जे वळण आहे, तिथे बाभळीच्या आडोशाला थांबायची. आप्पा उतरायचे, पिनेने भोक साफ करायचे, परत बसायचे. एकदोनदा मी बरोबर होते. मला मनापासून हसू यायचं आणि त्यांचा अभिमानही वाटायचा. बायकोचं मन राखायला हा माणूस रोज गाडीतून उतरतो, हे मी माझ्या नवऱ्यालाही फोनवर सांगितलं, जरा टोमणा म्हणूनच.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी मी बाजारला गेले नाही, माझं सामान भरायचं होतं. आप्पा निघाले. आई गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेली म्हणून मीही तिच्या मागे गेले. वरून आमचा सगळा शेतरस्ता दिसतो, हे इतक्या दिवसांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. वळण दिसत होतं. बाभळ होती, पण ती डांबरी रस्त्याच्या बाजूला. आमच्या बाजूने सगळं उघडं होतं. पिकअप थांबली आणि आप्पा उतरून डाव्या बाजूला आले.

मी घाईने म्हटलं, "टायरमधली हवा बघत असतील."

"पिन घालतेत भोकात," आई म्हणाली. चादरीची घडी घालत होती, थांबली नाही.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"धनतेरसला घरी आले तवा झाकन लख्ख हुतं. बावीस वरसांत त्यांनी गाडी पुसली न्हाई ती, झाकन पुसतेत व्हय? मग दुसऱ्या दिवशी हितं उभी राहून बघितलं. म्हंजी माझ्यामुळंच बंद पडत हुती." तिने चादरीची आणखी एक घडी घातली. "लई वाईट वाटलं मला. जेवले न्हाई त्या दिवशी."

मला आठवलं, त्या दिवशी तिने उपवास आहे म्हणून सांगितलं होतं आणि कसला उपवास हे आम्ही कुणी विचारलं नव्हतं.

"मग अजून का लावतेस?" मी विचारलं. "बाजूला लाव. त्यांना रोज उतरावं लागतंय."

"वल्लं न्हाई लावत आता. कोरडं लावते, चिमूटभर. गाडी निघाली की उडून जातं. ते न्हाई थांबले तरी काय हुत न्हाई."

"मग सांग ना त्यांना तसं."

आईने चादर माझ्या हातात दिली. "पंचेचाळीस वरसं झाली लग्नाला. घरातून निघाले की निघाले, कधी मागं वळून बघितलं न्हाई मानसानं. दवाखान्यात नेलं तवा पन न्हाई. आता तिथं उतरतेत, आन मी बघत तर न्हाई ना म्हनून गाडीत बसायच्या आधी घराकडं बघतेत. मी त्या पान्याच्या टाकीच्या आडोशाला हुते. एवढं एकदा बघितलं की मग मला दिवसभर घोर लागत न्हाई."

तिने माझा दंड धरून मला पाण्याच्या टाकीमागे ओढलं. तिकडे वळणावर आप्पांनी पिन सदऱ्याला अडकवली, गाडीचं दार उघडलं, आणि आत चढायच्या आधी वळून घराकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं. आम्ही दोघी टाकीच्या आड श्वास रोखून उभ्या होतो. मग दार लागल्याचा आवाज आला, पिकअप वळणापलीकडे गेली, आणि आई मला म्हणाली, "चल, तुझ्या डब्यात चकल्या भरते."